आमच्या घरचं झाड : नोंदी १९६९ ते २०२४

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते. घरात आजवर उभ्या राहिलेल्या नाताळच्या झाडांचा वर्षवार हिशेब लावायचा, पेटीतल्या प्रत्येक वस्तूवर वर्षाची चिठ्ठी बांधायची आणि यंदाचं झाड त्याच वस्तूंनी सजवायचं. गाव अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं, जिल्हा अमरावती. सांगणारे दोघं: आत्या, वय ७०, आमच्याकडेच राहते, आणि काका, वय ६६, परतवाड्याला. बाबा असते तर तिसरे.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळीच्या सुटीचा शेवटचा दिवस. माळ्यावरून पत्र्याची पेटी उतरवली. कडी गंजली होती, घासलेट लावून सोडवली. निघालेलं सामान: बांबूच्या कामट्यांचा पाचकोनी तारा, तीन कोन फाटलेले. हिरव्या काचेचा एक गोळा, जुन्या धोतराच्या चिंधीत. लाकडी दांडीला गुंडाळलेलं बल्बचं तोरण. कागदी साखळ्यांचा गठ्ठा. पावडरच्या दोन डब्यांत कापूस, एकातला पांढरा, दुसऱ्यातला पिवळट आणि चिकटलेला. आणि लुगड्याच्या काठाची गाठ मारलेली पुरचुंडी, आत तुरीच्या वाळक्या शेंगा. दाणे किड्यांनी पोखरून टाकलेत, हातात घेतलं की भुकटी होते.

तुरीच्या शेंगा नाताळच्या पेटीत का, ते मला माहीत नाही. आईलाही नाही. आत्यानं पाहिलं आणि पुरचुंडी परत बांधून ठेवली.

मागच्या नाताळला जेवताना पोरीनं विचारलं होतं, आपलं पहिलं झाड कोणत्या साली आलं? ताटावरच्या तिघांनी तीन सालं सांगितली. बाबा गेल्यापासून घरातल्या कितीतरी गोष्टींना आता दोनच तोंडं उरलीत. त्या दोघांच्या देखत हे लिहून व्हायला हवं, म्हणून यंदा सुरुवात केली.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

शाळेतून आल्यावर आत्याशी पहिली बैठक, दीड तास. मोबाइलवर रेकॉर्ड केलं. तिच्या शब्दांतलं जेवढं जमेल तेवढं तसंच ठेवते. तिच्या बोलण्यातले "बाबा" म्हणजे माझे आजोबा.

आजोबा तेव्हा अचलपूरकडच्या मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. आठवड्याचे सहा दिवस तिकडे, रविवारपुरते घरी. येणं-जाणं शकुंतलेनं, म्हणजे अचलपूर-मूर्तिजापूर अरुंद रुळाच्या गाडीनं. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. पहिल्या झाडाच्या वर्षी नाताळच्या आधी दवाखान्याच्या आवारातल्या सुरूच्या झाडाची छाटणी झाली. एक पुरुषभर उंचीची फांदी आजोबांनी मागून घेतली, सुतळीनं बांधली आणि गाडीत टाकून अंजनगावला उतरवली. तिथून दमणीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत घालून घरी.

"रात्र झाली होती व. मी कंदील घेऊन फाटकापाशी उभी. दमणीतून आधी झाडच उतरलं, मंग बाबा. साऱ्या फांदीले कोयशाचा वास. आई म्हणे, हे काय वावरातलं तण आणलं का तुम्ही? बाबा म्हणे, मिससाहेबाच्या बंगल्यात असंच उभं करतात."

फांदी रोवायला कुंडी नव्हती. तेलाच्या पिंपात मुरूम भरून ती उभी केली. टांगायला काय? घरात होती ती संत्री. अंबिया बहाराची तोड चालू होती, देठासकट वीस-पंचवीस संत्री दोऱ्यानं बांधली. आणि आजीनं त्या दिवशीच्या वेचणीतला कापूस आणून फांद्यांवर ठेवला, सरकीसकट, कारण सरकी काढायचा रेचा कोण फिरवणार? बर्फ म्हणजे काय ते आजीला ठाऊक नव्हतं. दवाखान्यातल्या परदेशी मिससाहेबांनी आजोबांना सांगितलं होतं की आमच्याकडे झाडावर पांढरं पडतं. आजीच्या वावरात पांढरं म्हणजे एकच.

आत्याच्या मते हे साल १९६९. ती तेव्हा १५ वर्षांची.

गावात नाताळ त्याआधीही होता. उपासना, भजनं, करंज्या, अनारसे, दुपारी कोंबडीचा रस्सा. झाड तेवढं नव्हतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

काकांना फोन. १९६९ त्यांनाही मान्य. पण त्यांचं म्हणणं, पहिल्या झाडाच्या शेंड्यावर तारा होता आणि तो आजोबांनी त्यांच्या डोळ्यांसमोर बांधला. आत्या फोनच्या बाजूला बसून मान हलवत होती. शेवटी बोललीच, "तारा कायचा? संत्री होती. तू अकरा वर्षाचा, तुले काय याद राहीन?" दोघांचं यावरून नीट वाजलं. मी दोघांचंही लिहून घेतलं.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान. कालपासून निवडणुकीच्या कामावर. प्रकल्पाचं काम काही नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

ताऱ्याची दुरुस्ती. आज पूर्ण दुपार यातच गेली, आणि गेली ते चांगलं झालं.

सांगाडा दहा कामट्यांचा: पाच-पाचचे दोन तारे एकमेकांवर टोकांना बांधलेले, मध्ये पाच छोट्या आडकाठ्या घालून फुगवलेले. दिवाळीच्या आकाशकंदिलाचीच रीत. कामट्या चांगल्या आहेत, दोनच बदलाव्या लागल्या. कागद मात्र थरावर थर. दरवर्षी फाटला की वरून नवा पतंगी कागद चिकटवायचा, त्यामुळे कुठे सात थर तर कुठे नऊ. कोमट पाण्याचा ओला बोळा फिरवला, मैद्याची खळ सुटत गेली आणि एकेक रंग वर आला. लाल, मग पिवळा, मग जांभळा. प्रत्येक थराचा तुकडा वहीत चिकटवून ठेवला आहे.

सगळ्यात आतला, थेट कामट्यांना लागलेला थर पतंगी कागदाचा नव्हताच. छापील पावती होती. कोपरा गेलाय, तारीख गेलीय, पण छापलेलं वाचता येतं: एकाधिकार कापूस खरेदी केंद्राची काटापावती. वजनाच्या रकान्यात आजोबांचं अक्षर नाही, पण मागच्या बाजूला पेन्सिलीनं बेरीज केलेली आहे, ती त्यांचीच. ७ ते आडवी रेघ देऊन काढत.

कापसाची एकाधिकार खरेदी योजना, म्हणजे कापूस फक्त सरकारी केंद्रावरच विकायचा, महाराष्ट्रात १९७२ ला सुरू झाली. त्याआधी अशी पावती असणंच शक्य नाही. म्हणजे तारा १९६९ चा नव्हे, १९७२ च्या हंगामाचा किंवा त्यानंतरचा.

आत्याला दाखवलं. तिनं पावती उजेडात धरून बराच वेळ पाहिली. जिंकल्याचं काही बोलली नाही. "बाबाचे हिशेब," एवढंच म्हणाली.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

काकांचा स्वतःहून फोन. पावतीचा फोटो पाहून त्यांना आठवलं की तारा बांधायला कामट्या मोडक्या सोप्याच्या काढल्या होत्या. सोपा म्हणजे वेचणीचा कापूस भरायची टोपली. आणि ती टोपली मोडली ती खरेदी केंद्रावर, गाड्यांच्या रांगेत. दोन रात्री तिथे मुक्काम पडला होता आणि ते आजोबांसोबत गाडीवर झोपले होते. म्हणजे ते तेव्हा अकराचे नव्हते, १४-१५ चे होते. तारा: १९७२ किंवा १९७३. नोंद पक्की.

१ डिसेंबर, रविवार

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार. चर्चहून आल्यावर काचेचा गोळा घेतला. दवाखान्यातल्या मिससाहेब कायमच्या मायदेशी जाताना त्यांनी आजोबांना दिला होता. असे गोळे आतून चांदीच्या मुलाम्याचे असतात आणि रंग वरून चढवलेला असतो. ओलं फडकं लावलं तर रंग सुटतो. म्हणून फक्त मऊ कोरड्या ब्रशनं धूळ काढली. वरची टोपी सैल होती, ती सुती दोऱ्यानं बांधली. गोंद वापरला नाही.

पोरगी बाजूला बसून विचारत होती की बायबलात तर झाडच नाही, मग आपण का लावतो? बरोबर विचारते. लूकच्या दुसऱ्या अध्यायात गव्हाण आहे, मेंढपाळ आहेत. मत्तयात तारा आहे. झाड दोन्हीकडे नाही. झाडाची चाल जर्मन लोकांची. १६०५ सालची स्ट्रासबुर्गची एक नोंद आहे, तिथले लोक घरात सूचिपर्णी झाड उभं करून त्यावर कागदाची गुलाबं आणि सफरचंदं टांगत. १८४८ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या घरातल्या झाडाचं चित्र लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आलं आणि चाल इंग्रजांच्या घराघरांत गेली, तिथून मिशनऱ्यांबरोबर जगभर. त्यांनी त्यांच्या बागेतलं फळ टांगलं, आजीनं तिच्या. मला वाटतं चाल आमची झाली ती संत्रं टांगलं तिथेच. पोरीला एवढं पटलं की नाही माहीत नाही, पण संत्री तीच आणणार म्हणाली.

८ डिसेंबर, रविवार

बल्बचं तोरण. घरी वीज १९८१ ला आली आणि त्याच नाताळला बाबांनी हे बनवलं. तेव्हा ते आयटीआयला होते. टॉर्चचे ६ व्होल्टचे ४० बल्ब एकामागे एक जोडले की २४० व्होल्ट होतात आणि घरच्या विजेवर चालतात, हा त्यांचा हिशेब. बल्बवर त्यांनी स्वतः लाल-हिरवा रंग दिला. एक बल्ब गेला की सगळं तोरण विझायचं, मग बाबा चांगला बल्ब हातात घेऊन पहिल्यापासून एकेक बदलत जायचे. झाड पेटलं की "हं" करायचे. तो "हं" मला अजून ऐकू येतो.

मोजले: ४० पैकी ३१ बल्ब जागेवर, ९ जागा रिकाम्या. तार जागोजागी उघडी, वरची पट्टी वाळून गळतेय. गावातल्या वायरमनला दाखवलं. तो म्हणाला, ताई, हे बोर्डात घालू नका, घरात लेकरं आहेत. त्याचं बरोबर आहे. तोरणाची पिन कापून टाकली, म्हणजे चुकूनही कोणी लावणार नाही. ते झाडावर तसंच गुंडाळायचं आणि त्याच्या मागून बॅटरीवरची एलईडी माळ सोडायची, असं ठरवलं. पिन कापताना हात थांबला होता.

पिन कोरी चिठ्ठी लावून पेटीत ठेवली.

११ डिसेंबर, बुधवार

रात्री आत्या, आई आणि फोनवर काका असं बसून वर्षं भरली. ५६ पैकी ३८ वर्षांचं काही ना काही लागलं. थोडक्यात:

सुरूची फांदी आजोबा नोकरीत होते तोवरच. त्यानंतर दरवर्षी जे हाताशी असेल ते. बोरीची फांदी, जिच्या काट्यांना वेगळा दोरा लागत नसे. तुराट्यांचा बांधलेला त्रिकोण. पऱ्हाट्यांची, म्हणजे कापसाच्या झाडांची, मोळी उभी करून. अंगणातल्या मोरपंखीची कुंडी उचलून आत आणलेली, हे तीन-चार वर्षं. २००२ ला काकांनी अमरावतीहून प्लॅस्टिकचं झाड आणलं, ते दोन वर्षं टिकलं, उंदरांनी नेलं.

१९७४: मेणबत्ती कापसाला लागली. आत्याच्या उजव्या मनगटावरचा डाग त्याचाच, हे मला आज कळलं. तेव्हापासून आजीचा नियम, झाडावर कापूस असेल तर ज्योत नाही. नियम अजून चालू आहे.

२००६: भारनियमन, संध्याकाळी वीज नाहीच. झाडासमोर लांब स्टुलावर कंदील ठेवून भजनं झाली.

२०१७: गुलाबी बोंडअळीचं साल. पावडरच्या डब्यातला पिवळट कापूस त्या वर्षीचा, कवडी, म्हणजे किडीनं खराब झालेला. पांढरा वेचायला मिळालाच नाही. बाबा म्हणाले होते, जे पिकलं तेच लावा. तेच लावलं.

२०२०: पाहुणे नाहीत, भजनी मंडळी नाही. झाड दारात ठेवलं, म्हणजे रस्त्यावरून लोकांना दिसेल.

१९९१ विचारलं तर आत्या उठून झोपायला गेली. आई म्हणाली, सासरे गेले ते साल. आई तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी होती, म्हणून तिनं काही पाहिलेलं नाही.

१५ डिसेंबर, रविवार

वावरात. वेचणी अजून एक राहिली आहे, पण बांधाकडच्या दोन ओळींची झाडं संपलीत, तिथून नऊ पऱ्हाट्या उपटल्या. घरात आणायच्या म्हणून प्रत्येक झाडावरची न उमललेली, किडकी बोंडं तोडून जाळली. बोंडअळी त्यातच दडून राहते आणि पुढच्या हंगामाला निघते. फरदड, म्हणजे हंगामानंतर त्याच झाडांवर पुन्हा पीक, घेऊ नका, पऱ्हाट्या साठवू नका असं कृषी सहायक दरवर्षी सांगून जातात. २०१७ ज्यानं पाहिलं त्याला वेगळं सांगावं लागत नाही. नाताळ झाला की याही जाळायच्या.

पांढरा कापूस दोन ओंजळी, वेगळा बांधून आणला.

१८ डिसेंबर, बुधवार

आत्यानं स्वतः हाक मारली. पुरचुंडी तिच्या मांडीवर होती. रेकॉर्ड करू नको म्हणाली, म्हणून नंतर आठवून लिहिते आहे.

१९९१, डिसेंबरची १९ तारीख. आजोबा पहाटे गेले. माती झाली. घरात नातेवाईक भरलेले, आणि नाताळ सहा दिवसांवर. यंदा झाड नाही, हे कोणी बोललंही नाही, ते सगळ्यांना ठाऊकच होतं. पेटी माळ्यावरून उतरलीच नाही. आत्या तेव्हा सासरहून आलेली होती.

२४ ला संध्याकाळी समोरच्या घरची मावशी आली. त्यांच्याकडे नाताळ नसतो. पण दिवाळीत त्यांचा फराळ आमच्याकडे आणि नाताळात आमचा त्यांच्याकडे, हे आजीच्या लग्नापासून चाललेलं. मावशी वावरातून थेट आली होती, डोक्यावर चाऱ्याचा भारा आणि हातात मुळासकट उपटलेलं तुरीचं झाड, शेंगांनी लदलेलं. ते तिनं आमच्या ओसरीत भिंतीला टेकवून उभं केलं, मुळांची माती ओसरीवर सांडली, ती हातानंच गोळा केली. आजी खाटेवर होती. मावशी तिच्याजवळ जाऊन बसली, काही बोलली नाही, थोड्या वेळानं ढोरांचं दूध काढायची वेळ झाली म्हणून गेली.

"तिनं इतके वर्ष आपल्या घरी झाड पाह्यलं होतं ना व. तिले वाटलं, झाड तं पाह्यजेच. आमच्या ध्यानातही नाई आलं, तिच्या आलं."

त्या झाडाला काही टांगलं नाही. रात्री भजनी मंडळी आली, पेटी-ढोलकी बाहेरच ठेवली, हळू आवाजात एकच भजन म्हटलं. सहा जानेवारीला आजीनं शेंगा तोडल्या. बऱ्याचशा मावशीकडे परत पाठवल्या, मूठभर आपल्या लुगड्याच्या काठात बांधल्या.

मी विचारलं, इतकी वर्षं का सांगितलं नाहीस? तर म्हणाली, कोणी पुरचुंडी सोडलीच नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

पथ्रोटकडे ओळखीच्यांच्या संत्राबागेच्या कडेनं वाऱ्याला आडोसा म्हणून सुरूची रांग आहे. छाटणीतली एक फांदी मागितली, त्यांनी दोन दिल्या. सोबत पोरीनं तीस संत्री मोजून घेतली, देठासकट.

सुरू दिसतो पाइनसारखा, पण तो त्या कुळातला नव्हे, फुलं धरणारं झाड आहे. ज्याला आपण सुया म्हणतो त्या मुळात बारीक सांध्यांच्या हिरव्या काड्या. पानं म्हणजे त्या सांध्यांभोवतीचे इवले खवले. येताना गाडीत आत्यानं पोरीला खेळ शिकवला: काडी एका सांध्यावर ओढून तोडायची, परत तशीच बसवायची आणि समोरच्यानं ओळखायचं कुठे तुटलीय. १९६९ ला दमणीत आजोबांनी तिला असंच शिकवलं असेल का, ते विचारायचं राहिलं.

२२ डिसेंबर, रविवार

उपासनेनंतर समोर गेले. मावशी २००९ ला वारली, आता तिचा मुलगा-सून असतात. वहिनीला १९९१ चं सांगितलं. तिनं ते कधीच ऐकलेलं नव्हतं. मावशीनं घरी सांगण्यासारखं काही केलं असं तिला स्वतःला वाटलंच नसावं. एक तुरीचं झाड मागितलं. वहिनी म्हणाली, मागता कायले, ताई.

२३ डिसेंबर, सोमवार

बांधणी. पिंपात मुरूम, मध्ये सुरूची फांदी, सहा फूट. भोवती नऊ पऱ्हाट्या, मोळीसारख्या तळाशी तारेनं आवळलेल्या. पहिल्यांदा सगळं डावीकडे झुकलं, पिंपात दोन विटा घालून सरळ केलं. तळाला कडबा आणि कोठ्यातली, म्हणजे गुरांच्या गोठ्यातली, जुनी लाकडी गव्हाण, खरीच. बाबांचं तोरण शेंड्यापासून खाली, त्यामागे एलईडी. साखळ्यांपैकी दोनच वापरण्यासारख्या निघाल्या. गोळा वर, लेकरांचा हात पुरणार नाही असा. संत्री खालच्या दणकट फांद्यांना. तारा पिवळ्या कागदाचा केला आहे. आत पावती परत तिच्या जागी लावली, फोटो काढून ठेवलाय.

वहिनी दुपारी तुरीचं झाड घेऊन आली. विचारत होती, कुठे ठेवू? आत्या म्हणाली, ओसरीत, भिंतीले टेकून. त्याला काही बांधू नका.

२४ डिसेंबर, मंगळवार

काका परतवाड्याहून आले. रात्री साडेनऊला मंडळी आली, पेटी आणि ढोलकीसकट. ओसरीत तुरीच्या झाडापाशी काका थांबले, चपला काढता काढता. ते तेव्हा घरात होते, त्यांना माहीत होतं. आत्याकडे पाहिलं आणि आत गेले.

एलईडी लावली तेव्हा तोरणाच्या जुन्या बल्बांतून मागचा उजेड लाल-हिरवा होऊन आला. "हं" पोरीनं केलं. तिला कोणी शिकवलेलं नाही.

६ जानेवारी २०२५, सोमवार

शाळा सुटल्यावर झाड उतरवलं. पऱ्हाट्या कोठ्यामागे जाळल्या. संत्री नाताळच्या दुसऱ्याच दिवशी वाटली होती. सुरूच्या फांद्या जळणात.

वहीत अजून १८ वर्षं रिकामी आहेत. त्यांच्यासाठी कोरी पानं सोडली, काकांना एक झेरॉक्स दिली.

तुरीच्या शेंगा आत्यानं तोडल्या. सूपभर समोर पाठवल्या. जुन्या पुरचुंडीला हात लावला नाही, नवी वेगळी बांधली, आईच्या सुती पातळाच्या तुकड्यात. अकरा शेंगा. चिठ्ठीवर तिच्या सांगण्यावरून लिहिलं: २०२४, समोरच्या वावरातल्या.